पेनड्राइव्हवाल्या कंपनीचे शेअर आत्ता घ्यावेत का? (सॅनडिस्क)

वडगावचा_बंड्या

मंडळी, चार वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

ऑफिसातल्या एका मित्राने २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले सॅनडिस्कचे शेअर घेतले होते, तेव्हा भाव ३० डॉलरच्या आसपास होता आणि नोव्हेंबरमध्ये तो २०० च्या वर गेला, तेव्हापासून हा माणूस रोज जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मोबाइल उघडतो आणि आम्हाला आकडे वाचून दाखवतो. आता मलाही वाटायला लागलंय की थोडे घ्यावेत. पण मला चार्टबिर्ट कळत नाहीत, मला धंदा समजून घ्यायचाय.

माझ्या डोक्यातला गोंधळ असा की सॅनडिस्क म्हटलं की मला पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड आठवतं. आता पेनड्राइव्ह कोण घेतं हो? आमच्या घरात शेवटचा घेतला तो आईला गाडीत भजनं लावायला. फोनमधली कार्डाची खाच पण गेली, सॅमसंगने एस २१ पासून काढून टाकली, आयफोनला तर कधी नव्हतीच. फोटो सगळे क्लाउडवर. मग ही कंपनी पाच-सात वर्षांनी काय विकणार आणि कोणाला? आणि दुसरीकडे मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये सांगितलं की आम्ही क्रुशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँड बंद करतोय. म्हणजे स्पर्धक कमी झाला म्हणून आनंद मानायचा की यातून शहाणे लोक निघून चाललेत असं समजायचं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. "तुमची रिस्क घेण्याची क्षमता तपासा" असले प्रतिसाद कृपया नकोत, ते मित्राकडूनही मिळतात.

---

मख्खीचूस

भाव सहा-सात पट झाल्यावर धंदा समजून घ्यायची इच्छा होते हे फार आवडलं. बसतो इथेच, चहा ठेवलाय.

---

एडिसनकर

बंड्या, तुझा प्रश्न वाचून एकदम तीस वर्षं मागे गेलो. हाच प्रश्न, अगदी याच शब्दांत, मी १९९६ मध्ये न्यू जर्सीत दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये चार पोरांबरोबर राहताना रात्री मोडेम लावून वाचायचो. कंपनीचं नाव आयोमेगा. तुमच्या पिढीला माहीत नसेल, पण झिप ड्राइव्ह त्यांचा.

थोडं लांबेल, इलाज नाही.

कंपनी युटामधल्या रॉय नावाच्या छोट्या गावातली, १९८० ची. आधी बर्नोली बॉक्स म्हणून एक महागडं प्रकरण विकायचे. १९९४ मध्ये किम एडवर्ड्स नावाचा नवा सीईओ आला आणि १९९५ मध्ये झिप बाजारात आला. ड्राइव्ह १९९ डॉलरला आणि १०० एमबीची एक डिस्क २० डॉलरला. फ्लॉपी १.४४ एमबीची होती तेव्हा, म्हणजे सत्तर फ्लॉप्या एका डिस्कमध्ये. गडद निळा डबा, प्रिंटरच्या पोर्टला लावायचा आणि प्रिंटर परत त्याच्या पाठीला लावायचा. डिस्क फ्लॉपीपेक्षा जरा जाड, मागच्या बाजूला कोपऱ्यात एक चमकणारा ठिपका असायचा, ड्राइव्ह आधी त्यावर प्रकाश टाकून बघायचा की ही खरंच झिप आहे ना, कोणी फ्लॉपी तर कोंबली नाही ना, आणि मगच आत घ्यायचा. मला त्या वेळी ही गोष्ट फारच हुशारीची वाटली होती, शेअर घेण्यामागे माझं निम्मं संशोधन तेवढंच होतं!

विक्री १९९५ मध्ये साधारण ३२.६ कोटी डॉलर, १९९६ मध्ये १२० कोटी, १९९७ मध्ये १७० कोटी. आणि शेअर? १९९६ च्या पहिल्या पाच महिन्यांत दोनदा स्प्लिट, आधी एकाचे तीन, मग एकाचे दोन. एओएल या इंटरनेट सेवेवर मॉटली फूल नावाचा शेअरवाल्यांचा गप्पांचा कट्टा होता, तिथे रात्रंदिवस चर्चा. लोक शनिवार-रविवारी रॉयच्या फॅक्टरीबाहेर जाऊन पार्किंगमधल्या गाड्या मोजून यायचे आणि लिहायचे की सुट्टीच्या दिवशीही पार्किंग भरलंय, म्हणजे ओव्हरटाइम चालू आहे, म्हणजे ऑर्डरी जोरात आहेत. आत्ता हसू येतं पण तेव्हा ती माहिती सोन्यासारखी वाटायची, आणि खरं सांगायचं तर ती माहिती बरोबरच होती.

आता मुद्द्यावर येतो. त्या कट्ट्यावरचे प्रश्न काय होते? सायक्वेस्टने ईझी १३५ काढलाय, त्यात ३५ एमबी जास्त मावतात, वेगही जास्त आहे, मग झिपचं काय? ३एममधून निघालेली इमेशन, जपानची मात्सुशिता आणि कॉम्पॅक मिळून एलएस-१२० आणतायत, त्यात १२० एमबी आणि शिवाय जुनी फ्लॉपीपण चालते, मग झिपचं काय? यावर महिनोन्महिने मारामाऱ्या. मेगाबाइट, वेग, किंमत, कोणता ब्रँड आपल्या पीसीत कोणता ड्राइव्ह बसवून देणार.

आणि आयोमेगाने या सगळ्यांना हरवलं! सायक्वेस्ट नोव्हेंबर १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढच्या वर्षी तिची उरलीसुरली मालमत्ता आयोमेगानेच विकत घेतली. एलएस-१२० कधी नीट उभाच राहिला नाही. सोनीने २०० एमबीचा एक काढला, तो परत बोलवावा लागला. म्हणजे आम्ही कट्ट्यावर ज्या ज्या स्पर्धकाला घाबरत होतो तो प्रत्येक स्पर्धक मेला.

तरी शेअर १९९६ च्या मेमध्ये जो वर गेला तो परत तिथे कधीच आला नाही. २००१ मध्ये पाच शेअरचा एक शेअर करायची वेळ आली आणि २००८ मध्ये ईएमसीने अख्खी कंपनी २१.३ कोटी डॉलरला घेतली. माझे किती गेले ते विचारू नका, बायको अधूनमधून इथे वाचते.

---

मख्खीचूस

अहो काका पण मारलं कोणी ते राहिलंच की!

---

एडिसनकर

जेवायला हाक आली होती.

सीडीने मारलं. कट्ट्यावर सीडीचा विषय कोणी काढला की त्याला उडवून लावायचे, मीपण त्यात होतो. सीडी रायटर तेव्हा महाग, लिहिताना मध्येच कॉम्प्युटर अडखळला की सीडी फुकट, आणि एकदा लिहिलं की पुसता येत नाही. आमचं ठाम मत की जी वस्तू पुसता येत नाही ती कोण घेणार? तीन वर्षांत कोरी सीडी डॉलरभरावर आली, ६५० एमबीची, आणि झिपची १०० एमबीची डिस्क तेव्हाही दहाच्या वर. तेव्हा लक्षात आलं की लोकांना पुसायचंच नव्हतं. लोकांना फाइल दुसऱ्याला द्यायची होती. झिप डिस्क दिली की ती परत मागावी लागायची. सीडी देऊन टाकता येते.

त्यात १९९८ मध्ये झिपच्या त्या "क्लिक ऑफ डेथ"वरून (ड्राइव्ह टकटक आवाज करत बंद पडायचा) डेलावेअरमध्ये ग्राहकांनी दावा लावला, बदनामी झाली ती झालीच, पण ते नसतं झालं तरी फार फरक पडला नसता असं माझं मत. नंतर यूएसबी पेनड्राइव्ह आले आणि विषयच संपला.

---

डीटीपीवाली

एडिसनकर, "परत मागावी लागायची" वाचून खुर्चीतच हसले.

आमचं शनिवार पेठेत डीटीपीचं काम होतं, १९९७ ते २००५. पानं लावून झाली की फाइल घेऊन आउटपुट सेंटरला जायचं, पॉझिटिव्ह (छपाईच्या फिल्म) काढून घ्यायच्या, त्या प्रेसला द्यायच्या. फाइल फ्लॉपीत मावायच्या नाहीत, एक रंगीत कव्हर म्हणजे पंचवीस-तीस एमबी. म्हणून झिप. प्रत्येक डिस्कवर मी मार्करने लिहिलेलं असायचं आमचं नाव, फोन नंबर आणि खाली ठळक "परत करणे". तरी परत यायच्या नाहीत! सेंटरवाल्याच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा होता बिस्किटांचा, त्यात सगळ्या गावाच्या डिस्का पडलेल्या, आपली शोधून घ्यायची. एकदा दिवाळी अंकाची डिस्क मी स्वतःच रिक्षात विसरले, चोवीस पानं रात्रभर जागून परत लावली, तो रिक्षावाला अजून स्वप्नात येतो.

पण मला दुसरंच सांगायचंय. आठ वर्षांत आम्ही ड्राइव्ह एक घेतला आणि डिस्का किती घेतल्या असतील? सहा. पहिल्या वर्षी चार, मग एक हरवली म्हणून एक, आणि एक उगाच. पुसायची आणि परत भरायची, झिजतेय कुठे. आमच्या शेजारच्या दोन डीटीपीवाल्यांची पण तीच गत. कंपनीला आमच्याकडून काय मिळालं असेल देव जाणे.

---

एडिसनकर

ताई, तुम्ही आम्हाला १९९६ मध्ये का भेटला नाहीत! अहो, सगळं गणितच त्यावर होतं. ड्राइव्हवर फारसं सुटत नव्हतं, कमाई डिस्कवर. दाढीचा रेझर स्वस्तात द्यायचा आणि ब्लेड विकत राहायची असा हिशेब. कट्ट्यावर लोक कागद मांडायचे की दर ड्राइव्हमागे इतक्या डिस्का खपणार, वर्षाला इतक्या, गुणिले इतके कोटी. पण ब्लेड बोथट होतं, डिस्क बोथट होत नाही हे कोणी बोललं नाही. फॅक्टरीबाहेर गाड्या मोजायला माणसं होती, पण एखाद्या गिऱ्हाइकाच्या ड्रॉवरमध्ये किती डिस्का पडल्यात हे मोजायला कोणी गेलं नाही.

---

सिलिकॉनचा_सदू

आठवणी छान आहेत पण बंड्याच्या मूळ प्रश्नाला याने दिशाभूल होतेय असं वाटतं. मी मेमरीच्या धंद्यात आहे (त्या कंपनीत नाही), सॅन होजेला.

सॅनडिस्कला पेनड्राइव्ह कंपनी समजणं म्हणजे अमूलला श्रीखंड कंपनी समजणं. ती नँड फ्लॅश चिप, म्हणजे वीज गेली तरी डेटा धरून ठेवणारी मेमरी, बनवणारी कंपनी आहे. १९८८ मध्ये एली हरारी, संजय मेहरोत्रा आणि जॅक युआन यांनी सुरू केली, तेव्हा नाव सनडिस्क होतं. गंमत म्हणजे तो मेहरोत्रा आता मायक्रॉनचा सीईओ आहे, म्हणजे ज्याने क्रुशियल बंद केलं तोच. २०१६ मध्ये वेस्टर्न डिजिटलने सॅनडिस्क घेतली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत परत वेगळी केली, हार्ड डिस्क एका कंपनीत आणि फ्लॅश दुसऱ्या. आता ते विक्री तीन भागांत दाखवतात: डेटा सेंटर, एज म्हणजे फोन-लॅपटॉप बनवणाऱ्यांना जाणारा माल, आणि कन्झ्युमर. तुझा पेनड्राइव्ह आणि कार्ड तिसऱ्यात. फोनमधली खाच गेली म्हणून रडू नकोस, खाच गेली म्हणजे तीच चिप फोनच्या आत आधीच बसवून मिळायला लागली, इतकाच फरक. क्लाउडचंही तेच, तुझे फोटो ढगात नाहीत रे, कुठेतरी एका डिस्कवरच आहेत.

त्यामुळे सीडीसारखं काही येऊन सॅनडिस्कला मारेल ही भीती मला आत्ता तरी वाटत नाही. भीती वेगळी आहे. नँडमध्ये माल सगळ्यांचा सारखा. सॅमसंग, एसके हायनिक्स (इंटेलचा नँडचा धंदा यांनीच घेतला), किओक्सिया, मायक्रॉन, सॅनडिस्क, आणि चीनची वायएमटीसी. त्यातही सॅनडिस्क आणि किओक्सियाचे कारखाने सामायिक आहेत, जपानमध्ये योक्काइची आणि किताकामीला, तोशिबाच्या काळापासून. दोघं एकाच भट्टीत भाजतात आणि बाहेर येऊन एकमेकांविरुद्ध विकतात. कारखान्याचा खर्च वाटला जातो हा फायदा, आणि तुझ्याकडे असं काहीच नाही जे शेजाऱ्याकडे नाही हा तोटा.

---

कांदेनवमी

सदूभाऊ, हे तर आमच्या लासलगावचं झालं.

मला शेअरमधलं ओ की ठो कळत नाही, पण कांद्यातलं कळतं. एका वर्षी भाव पाच हजारावर गेला की पुढच्या हंगामात ज्याच्या बांधाला पाणी आहे तो प्रत्येक जण कांदा लावतो, मग मार्केटला ट्रॅक्टरची रांग लागते आणि भाव पाचशे. ज्याने भाव वर असताना जमीन भाड्याने घेऊन लावला तो मरतो, आणि ज्याच्या साठवणीच्या कांदाचाळीत माल आधीपासून पडून होता तो तरतो. कांदा चांगला का वाईट हा प्रश्नच नसतो, लोक खातातच. तुमच्या चिपचं असंच आहे का?

---

सिलिकॉनचा_सदू

शंभर टक्के असंच आहे, आणि मी दहा वर्षं पॉवरपॉइंटवर जे समजावतो ते तुम्ही चार ओळीत सांगितलं.

फरक एवढाच की कांदा चार महिन्यांत निघतो आणि कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून चढही लांब आणि उतारही लांब. २०२२-२३ मध्ये भाव इतके पडले होते की या सगळ्या कंपन्या नँडमध्ये तोट्यात होत्या, मग सगळ्यांनी उत्पादन कापलं, नवीन गुंतवणूक थांबवली, आणि नेमकं तेव्हाच एआयवाल्यांची डेटा सेंटरं माल मागायला आली. २०२५ मधली तेजी ही त्या कापणीची आहे. मायक्रॉनने क्रुशियल का बंद केलं? घरगुती गिऱ्हाइकाला द्यायला माल उरत नाही, मोठं गिऱ्हाईक जास्त पैसे देतंय. यात शहाणपण किंवा पळपुटेपणा काही नाही, गावात किलोने विकण्यापेक्षा निर्यातदाराला ट्रक दिला, बस.

बंड्या, सॅनडिस्कचाच इतिहास बघ. २००८ मध्ये सॅमसंगने शेअरला २६ डॉलर देऊन अख्खी कंपनी मागितली होती, यांनी नाही म्हटलं. मंदी आली, ऑक्टोबरमध्ये सॅमसंगने ऑफर काढून घेतली, शेअर दहाच्या खाली गेला, लोकांनी संचालकांना शिव्या घातल्या. सात वर्षांनी, २०१५ मध्ये, वेस्टर्न डिजिटलने त्याच शेअरला साडेशहाऐंशी डॉलरची ऑफर दिली. आयोमेगासारखी एकदा वर जाऊन संपणारी ही गोष्ट नाही, ही पुन्हा पुन्हा बुडून वर येणारी गोष्ट आहे.

---

एडिसनकर

सदू, तुझं पटतं, तरी एक खोच मारतोच. तू म्हणतोस सीडीसारखं काही येणार नाही. आम्हीही हेच म्हणायचो, आणि आम्ही काही मूर्ख नव्हतो, त्यातले निम्मे इंजिनिअर होते. आणि दुसरं, आयोमेगाची विक्री शेअर पडायला लागल्यावरही वर्ष-दीड वर्ष वाढतच होती. १९९७ चा आकडा १९९६ पेक्षा मोठा. म्हणजे धंदा उत्तम चालू आहे हे बघून जो धरून बसला तोच जास्त बुडाला, उदाहरणार्थ अस्मादिक.

---

वडगावचा_बंड्या

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मी प्रश्नच चुकीचा विचारत होतो असं दिसतंय, पेनड्राइव्ह संपला तर कंपनी संपेल का असं विचारत होतो आणि खरा प्रश्न कांदा आत्ता कोणत्या भावाला चाललाय हा आहे.

सदूदादा, एक विचारू का, मग बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं की आता सगळे लावणीला लागलेत?

---

सिलिकॉनचा_सदू

तिमाहीचे निकाल आले की नफ्याची ओळ सोडून दे, ती मागच्या हंगामाची असते. कॅपेक्स, म्हणजे नवीन कारखाने-मशिनांवरचा खर्च बघ, आणि एकट्या सॅनडिस्कचा नाही, सॅमसंग, हायनिक्स, किओक्सियाचाही. सगळे एकाच वेळी नवीन कारखान्याची घोषणा करायला लागले की दोन वर्षांनी रांग लागणार. मध्ये वायएमटीसीवरही लक्ष ठेव, अमेरिकेने २०२२ च्या डिसेंबरात तिला निर्बंधांच्या यादीत टाकलं, त्यामुळे बाहेरची मशिनं मिळायला अडचण, पण घरचा बाजार मोठा आहे आणि त्यांना नफ्याची घाई नाही. आणि ते एचबीएफ म्हणून काही ऐकलं असशील, फ्लॅश चिपा एकावर एक रचून एआयसाठी वापरायच्या, हायनिक्सबरोबर करार झालाय त्यांचा. चाललं तर खरंच वेगळं काही हातात येईल जे सगळ्यांकडे नसेल. पण ते माल विकून दाखवतील तेव्हा बघू.

मी घेऊ का नको सांगणार नाही. माझ्याकडे या धंद्यातले शेअर पगारातून आहेत तेवढे बास झाले.

---

हिशेबनीस

उशिरा आलो, कंटाळवाणं पण कामाचं लिहितो. बंड्या, भारतातून घेणार असशील तर एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, तुझा प्रश्न नाही तो. १० लाख रुपयांच्या वर पाठवलेस तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापतात, रिटर्नमध्ये वळता होतो पण तोवर अडकतो. २४ महिन्यांनी विकलेस तर साडेबारा टक्के, आधी विकलेस तर तुझ्या स्लॅबने. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक शेअर जरी असला तरी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरायचं, आमच्याकडे दर जुलैत कोणी ना कोणी येतंच "पाचच तर शेअर होते" म्हणत.

---

मख्खीचूस

धंदा समजला, कांदा समजला, कर समजला. आता बंड्याच्या मित्राला हा धागा दाखवा म्हणजे निदान डबा तरी गरम खाईल बिचारा.

---

डीटीपीवाली

जरा अवांतर. धागा वाचून काल माळ्यावरची पेटी काढली, चार झिप डिस्का सापडल्या, एकीवर "दिवाळी ९९ फायनल" आणि दुसरीवर "दिवाळी ९९ फायनल खरं". ड्राइव्ह केव्हाच भंगारात गेला. एडिसनकर, तुमच्याकडे अजून असेल का हो? त्या अंकाची छापील प्रतसुद्धा आमच्याकडे उरलेली नाही, संपादक आता नाहीत, त्यांच्या मुलीला द्यायची होती.

---

एडिसनकर

ताई, आहे! बेसमेंटमध्ये खोक्यासकट आहे, शेअर गेले पण तो राहिला. डिसेंबरात पुण्याला येतोय, घेऊन येतो. पण तो प्रिंटर पोर्टवाला आहे, पंचवीस पिनांचा. तसं पोर्ट असलेला कॉम्प्युटर आहे का कोणाकडे?

---

डीटीपीवाली

आमच्या जुन्या ऑफिसात एक आहे विंडोज ९८ चा, त्यावर पानं लावायचं पेजमेकर पण आहे आणि आमचे जुने फॉन्ट पण, ते नसतील तर उघडून नुसते चौकोन दिसतील. चालू होतो का बघते उद्या. एसएमपीएसमधून (त्याच्या पॉवर सप्लायमधून) मागच्या वेळी धूर आला होता.

---

कांदेनवमी

ताई, एसएमपीएस माझ्याकडे पडलाय एक, पाठवू का?